नवल कशाचे? : सातारा-सांगलीकडील ‘खऱ्या घडलेल्या’ कथांविषयी

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गाव तेथे एक ‘खरी घडलेली’ कथा आहे. ग्रामदैवताच्या जत्रेची स्मरणिका निघते, शाळेचा सुवर्णमहोत्सव होतो, वर्तमानपत्राची रविवार पुरवणी भरायची असते, अशा वेळी ती कथा छापली जाते. मथळा ‘ऐकावे ते नवलच’ अशा धर्तीचा असतो आणि शेवटी ‘आजही जुनी माणसे ही हकीकत सांगतात’ असे एक वाक्य असते. कधी ती विहिरीची कथा असते, कधी बुरुजाची, कधी वेशीची, कधी समाधीची. हे वाङ्मय आहे असे आपल्या समीक्षकांना वाटत नाही आणि हा इतिहास आहे असे इतिहासकारांना वाटत नाही. त्यामुळे या कथांची झडती कोणीच घेत नाही. ती घ्यावी एवढ्यासाठी हा लेख.

मी कराड भागातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आजोबांना सही येत नव्हती, वडिलांना सहीपुरती अक्षरे येत होती, आणि घराण्यात पदवीधर झालेला पहिला माणूस मी. हे सांगण्याचे कारण असे की, या कथा मी पुस्तकात वाचण्याआधी आजीच्या तोंडून ऐकल्या. आणि पुढे पुस्तकात वाचल्या तेव्हा त्यांतून काहीतरी गळाले आहे असे मला वाटत राहिले. काय गळाले ते मात्र बरीच वर्षे सांगता येत नव्हते. ते मला एका विद्यार्थिनीने दाखवून दिले.

लोकसाहित्य शिकवताना मी मुलांना एक काम देतो. आपल्या गावात खरी म्हणून सांगितली जाणारी एक कथा, सांगणाऱ्याच्या शब्दांत लिहून आणायची. एका मुलीने आपल्या गावच्या विहिरीची कथा आणली. विहिरीला पाणी लागेना. जोशाने सांगितले, जोडप्याचा बळी द्या. मांगवाड्यातले एक तरुण जोडपे ‘स्वखुशीने’ पुढे आले, खाली उतरले, आणि पाण्याचा उमाळा फुटला. तेव्हापासून विहिरीच्या पूजेचा पहिला नारळ त्या घराण्याचा. गाव ही कथा अभिमानाने सांगतो. आमच्याकडे जातिभेद नव्हता, मांगाला पहिला मान आहे, असे वर ऐकवतो. ही मुलगी त्याच घराण्यातली. कथा संपल्यावर तिने आपल्या आजीचे वाक्य खाली जोडले होते: ‘नारळ आमचा, पाणी त्येंचं. आमी हात फुडं करायचा, त्येंनी वरनं वतायचं.’

हे वाक्य वाचले आणि माझी बरीच वर्षांची अडचण सुटली.

गावाने सांगितलेल्या कथेत नवल पाण्याचे आहे. कोरड्या विहिरीला पाणी लागले, हे अद्भुत. आजीच्या वाक्यात नवल दुसऱ्याच जागी आहे. ज्यांच्या जिवावर पाणी लागले त्यांच्या लेकरांना त्या पाण्याला हात लावता येत नाही, हे अद्भुत. विहीर तीच, बळी तेच, नारळ तोच. नवलाची जागा तेवढी बदलली आहे. माणसाला जे रोजचे वाटते त्याचे त्याला नवल वाटत नाही. म्हणून एखादा समाज कशाचे नवल करतो आणि कशाचे करत नाही, हे पाहिले की त्या समाजाची नीती कळते. या कथांच्या समीक्षेचा पहिला प्रश्न ‘हे खरे घडले का?’ असा नसावा. ‘सांगणाऱ्याला नवल कशाचे वाटते?’ असा असावा.

आपल्याकडे या कथांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली विवेकवाद्यांची. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली, २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, आणि त्यानंतर त्याच वर्षी नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा झाला. या कामाचे मोल आपण जाणतो. बळी दिल्याने पाणी लागत नाही हे सांगितलेच पाहिजे. पण तेवढे सांगून थांबलो तर कथा खोटी ठरते आणि कथेबरोबर पाण्याचा प्रश्नही निकालात निघतो. दुसरी रीत आपली स्वतःची. कथेत आपल्या जातीचा माणूस शूर, त्यागी, इमानी असला की आपण तिला छातीवर लावून मिरवतो. या दोन रीती एकमेकींच्या विरुद्ध दिसतात, पण दोन्ही नवलाची जागा गावाने ठरवली तेथेच राहू देतात.

विहिरीपासूनच सुरुवात करू. साताऱ्याजवळ लिंब येथे बारा मोटांची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधवली. आतल्या महालाचे, कमानींचे, कोरीव कामाचे नवल करायला लोक दुरून येतात, आणि ते नवल खोटे नाही. पण विहिरीचे नाव मोटांवरून पडले आहे. मोट म्हणजे चामडे. ते कमावणारा ढोर, मोट शिवणारा चांभार, नाडा आणि सोंदूर वळणारा मांग. मेलेल्या जनावराच्या कातड्यातून उपसलेले पाणी पिकाला चालत होते, बागेला चालत होते, वाड्यालाही चालत होते. ते कातडे ज्याच्या हातून गेले तो हात मात्र पाण्याला चालत नव्हता. कातडे पाण्यात बुडून शुद्ध राहते आणि माणूस काठावर उभा राहून पाणी बाटवतो! याहून अद्भुत गोष्ट कोणत्या पुरवणीत छापून आली आहे? सहलीला आलेल्या मुलांना ही गोष्ट कोणी सांगत नाही, कारण ती सांगणाऱ्याला नवलाची वाटत नाही.

बळीची कथा एका गावापुरती नाही. सातारा जिल्ह्याच्या शिवेपलीकडे पुरंदर आहे. त्याच्या बुरुजाची हकीकत १८८५ च्या पुणे जिल्हा गॅझेटिअरात इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवली. बुरूज पुन्हा पुन्हा ढासळत होता. बहिरनाकाने आपला मुलगा नाथनाक आणि सून देवकाई यांना पायात चिणण्यासाठी दिले. बुरूज उभा राहिला. ही परंपरा अक्षरशः खरी आहे की नाही याचा निकाल मी देत नाही. मला तिच्यातली नावे महत्त्वाची वाटतात. किल्ला बांधणाऱ्या गवंड्याचे, पाथरवटाचे नाव कथेला ठाऊक नाही. मेलेल्या महार मुलाचे आणि सुनेचे नाव ठाऊक आहे. एरवी ज्यांची नावे कागदावर येत नव्हती ती मेल्यावर आली, म्हणजे नाव लागण्यासाठी मरावे लागत होते. आणि ‘स्वखुशीने’ हा शब्द अशा कथांत नेहमी असतो. ज्याला नाही म्हणण्याची सोय नव्हती त्याच्या होकाराला स्वखुशी म्हणणे, ही वेठीची जुनी भाषा आहे.

वेठीचा विषय निघाला की मंगळवेढ्याला जावे लागते. मंगळवेढे आज सोलापूर जिल्ह्यात असले तरी १९४८ साली संस्थाने विलीन होईपर्यंत ते पटवर्धनांच्या सांगली संस्थानात होते. त्यामुळे मंगळवेढ्याच्या कथा सांगलीच्याही आहेत. त्यांतल्या दोन तर साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहेत.

पहिली चोखोबांची. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८ च्या सुमारास मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असताना ते कोसळले आणि चोखोबा त्याखाली गाडले गेले. नामदेव अस्थी न्यायला आले. कोणत्या अस्थी चोखोबांच्या, हे कळेना. तेव्हा ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती नामदेवांनी वेचली आणि पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली. सातशे वर्षे कीर्तनकार या हाडांचे नवल सांगत आले आहेत. आपण ही कथा जराशी थांबून ऐकू. अस्थी ओळखू येईनात म्हणजे काय? त्या ढिगाऱ्यात एकच माणूस मेला असता तर हाडे ओळखण्याचा प्रश्नच आला नसता. कथाच साक्ष देते की, तेथे पुष्कळ माणसे मेली. ती कोण होती? गावकुसाबाहेर राहणारी माणसे गावकूस बांधताना मेली. ज्या भिंतीने त्यांना बाहेर ठेवले तीच भिंत त्यांच्या अंगावर पडली. ज्यांची हाडे विठ्ठलनाम बोलली नाहीत त्यांचे काय झाले, हा प्रश्न सातशे वर्षांत एकाही कीर्तनात आला नसेल, तर नवल त्याचे करायला हवे. चमत्कार हा येथे दगडमातीच्या ढिगाऱ्यावर घातलेल्या चादरीसारखा आहे. चादर सुंदर आहे, पण तिच्या खाली माणसे आहेत. आणि चोखोबा नेले कोठे? दारापर्यंत. त्या दारातून त्यांच्या माणसांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करावे लागले.

दुसरी कथा दामाजीपंतांची. दुष्काळात दामाजींनी बेदरच्या बादशहाची कोठारे लोकांसाठी उघडली. शिक्षा होणार, तोच विठ्ठल विठू महाराच्या वेषात बेदरला गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला. ऐकणाऱ्याला नवल वाटते ते देव महार झाला याचे. मी विचारतो, देवाला महारच का व्हावे लागले? तो कुलकर्णी होऊन गेला असता, जोशी होऊन गेला असता. पण कथेला गावगाडा ठाऊक आहे. सरकारी भरणा डोक्यावर घेऊन उन्हातान्हात मजल दरमजल चालत जाणे हे महाराचे काम होते. गावात ते दुसरे कोणी करत नव्हते. देवाने महाराची जात घेतली असे कथा म्हणते; खरे तर त्याने एका खेपेपुरती महाराची वेठ घेतली. त्या एका खेपेची शेकडो वर्षे आरती झाली. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्या खेपा केल्या त्यांच्या वाट्याला काय आले? बेदरच्याच बादशहाने दिली म्हणून सांगितली जाणारी बावन्न हक्कांची सनद आली. त्या हक्कांत मेलेले ढोर होते आणि प्रेतावरचे कापडही होते. ती वतनदारी कायद्याने जायला १९५८ साल उजाडले. देवाने काम झाल्यावर वेष उतरवला. माझ्या आजोबांना तो उतरवता आला नाही.

संतकथा झाल्या, आता शौर्याची कथा घेऊ. मिरज तालुक्यातील कळंबीचा शिदनाक महार हा आपल्या सभांतून नेहमी निघणारा विषय. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन मराठी फौजेचे सेनापती. त्यांच्याबरोबर शिदनाक आपले लोक घेऊन गेला होता. त्याची राहुटी इतर सरदारांच्या राहुट्यांजवळ पडली म्हणून काहींनी तक्रार केली. तेव्हा पाटणचे हिरोजी पाटणकर यांनी त्यांना गप्प केले. येथे जेवणाची पंगत बसलेली नाही, येथे तलवारीचा संबंध आहे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे लढाईत परशुरामभाऊ शत्रूच्या वेढ्यात सापडले आणि त्यांचा जीव शिदनाकानेच वाचवला. अशी ही कथा सांगितली जाते.

आमच्या वक्त्यांचा आवाज या शेवटच्या वाक्यावर चढतो. टाळ्या पडतात. मीही वाजवल्या आहेत. पण वर्गात ही कथा शिकवू लागलो तेव्हा पाटणकरांच्या उत्तरापाशी अडखळलो. ते उत्तर उदार आहे, यात शंका नाही. त्या काळात असे बोलणारा माणूस सरळ मनाचा असला पाहिजे. तरी त्या उत्तराला कुंपण आहे. रणातली पंगत वेगळी आणि जेवणाची पंगत वेगळी, हे ते मान्य करूनच बोलते. जेवणाच्या पंगतीत तक्रार करणारे बरोबर ठरले असते, हा त्याचा दुसरा अर्थ. म्हणजे मरणाच्या जागी समता आणि जगण्याच्या जागी शिवाशिव. सेनापतीचा जीव वाचवणारा हात त्याच सेनापतीच्या घरी पाण्याच्या घागरीला लागला असता तर काय झाले असते, हे कथा सांगत नाही आणि टाळ्या वाजवणारेही विचारत नाहीत. खर्ड्यानंतर तेवीस वर्षांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, कोरेगावच्या लढाईत महार शिपाई पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने उभे होते. या दोन तारखांमधले अंतर समजून घ्यायचे असेल तर शिदनाकाच्या शौर्याइतकाच त्या तक्रारीचाही अभ्यास केला पाहिजे. लढाई तोंडावर असताना, मरण समोर दिसत असताना सरदारांना राहुट्यांच्या अंतराची चिंता वाटत होती. या कथेतली सर्वांत अद्भुत गोष्ट तीच आहे.

आता आपल्या माणसाने लिहिलेल्या कथेकडे वळतो, कारण परक्यांची झडती घेऊन स्वतःचे घर वगळणे समीक्षेला शोभत नाही. वाळवे तालुक्यातील वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे गाव. १९२० साली ते जन्मले तेव्हा हा भाग सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यांची ‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ ची. वि. स. खांडेकरांची तिला प्रस्तावना आहे, १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला आणि ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. तिच्यात वाटेगाव आहे, शिगाव आहे. गावात खरी म्हणून सांगितली जाणारी हकीकतच तिचा पाया आहे.

कादंबरीच्या आरंभी फकिराचा बाप राणोजी शिगावची जोगणी आपल्या गावात आणतो आणि त्यासाठी प्राण देतो. गावाची जत्रा भरावी, गावाची शान राहावी, म्हणून मांगाने मान द्यावी. येथे अण्णा भाऊ कशाचे नवल करतात? राणोजीच्या धाडसाचे आणि निष्ठेचे. आपल्या विहिरीच्या कथेपासून हे फार दूर नाही. ज्या गावाने त्याला शिवेवरच ठेवले त्या गावाच्या शिवेसाठी राणोजी मरतो, आणि लेखक त्याला वंदन करतो. हा प्रसंग वाचताना माझा ऊर भरून येतो आणि त्याच वेळी मनात एक प्रश्न उभा राहतो. अण्णा भाऊंविषयी अपार आदर ठेवूनही तो विचारला पाहिजे: जोगणी आली, जत्रा भरली, पण मांगवाड्याचे काय बदलले?

अण्णा भाऊंचे मोठेपण असे की, हा प्रश्न ते स्वतःच पुढे कादंबरीत आणतात. सरकारने मांगांवर हजेरी लादली. जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ साली झाला आणि पुढे तो वाढवत नेला गेला. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांतात १९४९ मध्ये आणि देशभर १९५२ मध्ये तो रद्द झाला. गावासाठी ज्यांनी शीर दिले त्यांची मुले ठरल्या वेळी हजेरीला उभी, आणि दुष्काळात माणसे जगावीत म्हणून धान्य लुटणारा फकिरा दरोडेखोर! येथे नवलाची जागा बदलते. फकिराची घोडदौड, त्याची तलवार, त्याचा गबऱ्या घोडा हे सारे मागे पडते. काहीही न करता गुन्हेगार ठरलेली माणसे समोर उभी राहतात आणि वाचक हादरतो. लोककथेची कादंबरी होते ती याच ठिकाणी. आपल्या समीक्षेने फकिराच्या शौर्याची पाने जितकी उद्धृत केली तितकी हजेरीची केली नाहीत, हा दोष लेखकाचा नाही, आपला आहे.

अण्णा भाऊंच्या जन्माचीही एक कथा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी ते जन्मले तेव्हा फकिरा खजिना लुटून आला आणि बाळंतिणीसाठी त्याने दोन ओंजळी सुरती रुपये दिले. जयंतीच्या प्रत्येक भाषणात ही कथा येते. वक्ता रुपयांचे नवल करतो. मला त्या घराचे नवल वाटते, जेथे लुटीचे रुपये येईपर्यंत बाळंतिणीच्या तोंडात घालायला काही नसावे. त्या घरात जन्मलेला मुलगा शाळेत टिकू शकला नाही आणि तरीही त्याने पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. ओंजळीतले रुपये खरे की खोटे, हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा.

कथेचा जन्म कसा होतो याचे उदाहरण आपल्या भागात फार जुने नाही. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चालले. लोक त्याला ‘पत्री सरकार’ म्हणू लागले आणि गुन्हेगाराच्या पायांना घोड्यासारखी पत्री ठोकतात ही कथा सगळीकडे पसरली. प्रत्यक्षात तळपायांवर काठ्यांचे फटके मारत, असे त्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीच पुढे सांगितले. एका शब्दाच्या उच्चारातून, दोन-तीन वर्षांत, हजारो माणसांच्या देखत ही ‘खरी’ कथा तयार झाली. मग सहाशे वर्षांपूर्वीच्या कथेचे काय सांगावे? पण ही कथा टिकली याला कारण आहे. ती ऐकून सावकार भीत होता, आणि ज्याची जमीन त्याच्याकडे गहाण होती त्याला बरे वाटत होते. माझी आजी ही कथा सांगताना ‘ठोकली म्हणं पत्री!’ या शब्दांवर असा जोर द्यायची की, तिच्या मनातला सावकार मला समोर दिसायचा. कथेचा खरेपणा घटनेत नसेल. तो ऐकणाऱ्याच्या गरजेत असतो.

आणि आता उरली ती कथा, जी सातारा जिल्ह्यात घडली, शंभर टक्के खरी आहे, आणि ‘ऐकावे ते नवलच’ या सदरात मी कधीही वाचली नाही.

१९०१ सालच्या उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्यात शिकणारी काही मुले वडिलांना भेटायला खटाव तालुक्यातील गोरेगावला निघाली. रेल्वेने मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे होते. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरने जात विचारली आणि महार हा शब्द ऐकताच त्याची मुद्रा पालटली. एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट ठरली, की गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. बरोबर खायला होते पण प्यायला पाणी मिळेना, म्हणून भूक असून जेवता आले नाही. रात्री नाक्यावर पाण्यासाठी आपण मुसलमान आहोत असे सांगून पाहिले; तेथेही पाणी मिळाले नाही. मुले उपाशीच झोपली आणि दुसऱ्या दिवशी गोरेगावला पोहोचली. त्यांतला एक मुलगा भीमराव आंबेडकर.

ही हकीकत बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात स्वतः लिहिली. ते त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झाले नाही. १९९० साली पुस्तिका निघाली. त्या लेखनाचा रोख परदेशी वाचकाकडे आहे. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसाला कळावे, म्हणून ते हे प्रसंग सांगतात. मला यात समीक्षेचा फार मोठा धडा दिसतो. मसूर ते गोरेगाव या वाटेवरच्या एकाही माणसाला त्या दिवशी काही विचित्र घडले असे वाटले नसेल. स्टेशनमास्तरला वाटले नाही, गाडीवानाला वाटले नाही, नाकेदाराला वाटले नाही. म्हणून ही कथा गावात उरली नाही, तिची दंतकथा झाली नाही. नवल वाटू शकेल असा श्रोता शोधायला बाबासाहेबांना समुद्रापलीकडे पाहावे लागले. भीमराव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले, तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. रजिस्टरातली नोंद, तिचा १९१४ हा क्रमांक मुलांना दाखवतात. चांगलेच आहे. पण त्याच मुलांना एकदा मसूर स्टेशनावर उभे करून ही वाट सांगितली पाहिजे.

आपल्या कार्यकर्त्यांना, विद्यार्थ्यांना, शिक्षकांना माझे सांगणे एवढेच. गावोगावच्या या कथा गोळा करा. त्या खोट्या म्हणून फेकू नका आणि आपल्या माणसाचे नाव आहे म्हणून लगेच मिरवूही नका. साक्षीदाराची उलटतपासणी करावी तशी त्यांची करा. कथा कोण सांगते आहे? तिच्यात राबले कोण, मेले कोण? आणि सर्व संपल्यावर पाणी कोणाला मिळाले? या तीन प्रश्नांनी कथेचे तोंड उघडते. विशेषतः म्हाताऱ्या बायांकडे जा. त्यांच्याजवळ कथेचे शेवटचे वाक्य असते, आणि स्मरणिकेत छापताना नेमके तेच गाळले जाते.

हे मी अनुभवाने म्हणतो. त्या मुलीचा निबंध गावच्या जत्रेच्या स्मरणिकेसाठी मागितला गेला. निबंध छान आहे, फक्त शेवटची ओळ काढा, जत्रेच्या दिवसांत वाद नको, असा निरोप आला. ती माझ्याकडे आली. ‘सर, काय करू?’ मी म्हणालो, ‘छापून येऊ दे, नाव तरी येईल.’ हे बोललो आणि आपण काय बोललो ते मला उशिरा कळले. नाव यावे म्हणून गप्प बसायला सांगणारा मी, आणि बळी गेल्यावर नारळाचा मान देणारे गाव, यांत अंतर किती?

तिने निबंध दिला नाही. ‘ओळ आजीची हाय सर, माझी न्हाई. मी कशी काढू?’ असे म्हणून ती वही घेऊन गेली. ती वही आजही तिच्याजवळ आहे.